फाटकाशी बसलेले आईबाप

भिलाईहून हावड्याच्या बाजूस निघालेली गाडी रायपूर आणि बिलासपूर मागे टाकून चांप्याला येते. आपल्यापैकी ज्यांची बदली पूर्वेकडे झाली आहे अशा वाचकांनी हे स्टेशन बहुधा झोपेतच ओलांडले असेल. आम्हीही अनेकदा तसेच ओलांडले. या स्टेशनापासून थोड्याच मैलांवर सदाशिव गोविंद कात्रे नावाच्या एका मराठी माणसाने, तोही स्वतः कुष्ठरोगी असलेल्या माणसाने, कुष्ठरोग्यांची वसाहत उभी केली आहे, हे आम्हांला भिलाईस येऊन पाच वर्षे झाल्यावर कळले. आणि कळले तेही एका सेवापुस्तिकेमुळे.

आमच्या कचेरीतील एक ज्येष्ठ सहकारी २०२३ साली निवृत्त झाले. त्यांची पेन्शनची कागदपत्रे तयार करण्याचे काम आमच्याकडे होते. सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर कायमच्या पत्त्याच्या रकान्यात गावाचे नाव नव्हते. एका वसतिगृहाच्या अधीक्षकांमार्फत, असा पत्ता होता. कारकुनाच्या नजरेला असली विसंगती खुपते हे वाचकांस सांगावयास नको. आम्ही विचारले नाही. त्यांनीच दुपारच्या चहाच्या वेळी सांगितले, आणि पुढे त्यांच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत.

ते छत्तीसगडचेच. आईवडील दोघेही कुष्ठरोगी. पाचव्या वर्षी त्यांना निरोगी मुलांच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. महिन्यातून एकदा फाटकाशी भेट होई. मध्ये एक आडवा दांडा असे. दांड्याच्या अलीकडे आईबाप, पलीकडे मूल. आईने हात लावावयाचा नाही. ही गोष्ट १९६८-६९ मधील, म्हणजे रोगावर औषध सापडून वीस-पंचवीस वर्षे झाल्यानंतरची. पण त्यांच्या सांगण्यातील ज्या भागाने आम्हांला खरा धक्का दिला तो दांड्याचा नव्हे. ते म्हणाले, "माझ्या दाईला पहिली भेट कशी करावी ते मोसीने शिकवले होते." दाई म्हणजे इकडच्या बोलीत आई. मोसी ही वसाहतीतील एक वृद्ध स्त्री. तिची स्वतःची दोन मुले त्याच फाटकातून आत गेली होती. ती सांगे की, फाटकाशी रडावयाचे नाही, कारण मूल पुढचा महिनाभर तेच तोंड डोळ्यांपुढे आणते. कोंबडीने किती अंडी घातली ते सांगावे, शेजारणीचे भांडण सांगावे, घरी एक कुत्रे आले आहे म्हणावे. म्हणजे मुलाला घर आहे असे वाटते. आणि रडू येणारच असेल तर परतताना आंब्याखाली बसून घ्यावे, मी सोबत बसेन. ज्यांच्या पायांना जखमा होत्या त्यांना फाटकापर्यंत चालवत नसे. त्यांच्या मुलांना निरोप नेण्याचे काम इतर आईबाप करीत. ज्या एकाला लिहिता येई तो सर्वांची पत्रे लिही.

या सर्वाला संस्थेच्या दप्तरात कोठलेही नाव नव्हते. आजच्या समाजकार्याच्या परिभाषेत त्याला समदुःखी पालकांचा परस्परांना आधार असे काहीसे म्हणतील. आम्हांला इतिहास वाचण्याची खोड असल्यामुळे या फाटकाचा इतिहास काय आहे ते पाहण्याची इच्छा झाली, आणि पुढील मजकूर त्यातूनच आला आहे.

छत्तीसगडात परदेशी मिशन प्रथम आले ते १८६८ साली. ऑस्कर लोर या पाद्र्याने त्या वर्षी विश्रामपूर वसविले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांतावर पाठोपाठ कोसळले. पंडिता रमाबाई याच दुष्काळात मध्य प्रांतात फिरून निराधार मुली व विधवा घेऊन गेल्या, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. दुष्काळात आईबाप मेले, मुले उरली. आणि पोरक्या मुलांचे संगोपन करणाऱ्या संस्था या मुलखात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. त्याच काळात कुष्ठाश्रमही निघाले. बिलासपूरच्या बाजूस बैतलपूरनजीक चंदखुरी येथे जर्मन वंशाच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा, १९०२ मध्ये चांपा येथे मेनोनाइट पंथाच्या पेनर यांचा, आणि धमतरीस त्याच पंथाच्या दुसऱ्या शाखेचा. दुर्ग जिल्हा तर तोवर जन्मलाही नव्हता. तो १९०६ चा.

या आश्रमांना पैसा पुरविणारी प्रमुख संस्था म्हणजे वेलस्ली बेली या आयरिश गृहस्थाने १८७४ साली स्थापन केलेले कुष्ठरोग्यांचे मिशन. बेली पंजाबात अंबाल्यास शिक्षक होता, तेथे त्याने हे रुग्ण प्रथम पाहिले. त्याच्या मिशनच्या आश्रमांत एक पद्धत लवकरच सर्वत्र रूढ झाली. रोग न लागलेली मुले आईबापांपासून वेगळी काढून स्वतंत्र गृहात वाढवावयाची. यामागे शास्त्र होते हे मान्य केले पाहिजे. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सेनने रोगजंतू शोधून काढला. रोग रक्तातून वारशाने येतो ही समजूत त्यामुळे ढासळू लागली. १८९७ मध्ये बर्लिनला भरलेल्या परिषदेने रुग्णांना अलग ठेवण्याच्या बाजूने कौल दिला आणि १८९८ साली हिंदुस्थान सरकारने कुष्ठरोग्यांचा कायदा केला. भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून आश्रमात ठेवण्याची सत्ता या कायद्याने मिळाली. विकावयाचे अन्न तयार करणे, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे यांसारख्या गोष्टी रुग्णास मना करण्याचीही तीत सोय होती. हा कायदा रद्द झाला तो २०१६ साली. म्हणजे एकशे अठरा वर्षे तो पुस्तकात होता.

रोग वारशाने येत नसून सहवासाने लागतो, तर मूल वेळीच दूर केले की वाचते, असे हे सरळ गणित. आणि ते पुष्कळ अंशी बरोबरही ठरले. वेगळी वाढविलेली बहुतेक मुले निरोगी राहिली, शिकली, कोणी शिक्षक झाली, कोणी परिचारिका. मिशनची नियतकालिके विलायतेतील देणगीदारांसाठी निघत. एका मुलाचा वर्षाचा खर्च उचलणारा दाता आणि त्याला पाठविलेले त्या मुलाचे छायाचित्र हा त्या व्यवहाराचा कणा होता. या लिखाणात मुले असतात, औषध असते, प्रार्थना असते. आईबाप असतात ते बहुधा एका वाक्यापुरते, की त्यांनी मोठ्या कृतज्ञतेने मूल स्वाधीन केले. आम्ही सरकारी कारकून आहोत. 'स्वखुशीने' हा शब्द अर्जात कसा येतो हे आम्हांला चांगले माहीत आहे. ज्या आईला आश्रमाबाहेर गावात थारा नाही, आणि आश्रमात मूल जवळ ठेवण्यास परवानगी नाही, तिच्या खुशीचे मोल काय करावे?

तथापि मिशनऱ्यांना सरसकट दोष देणे हा अन्याय होईल. त्या काळी आपला समाज या लोकांना गावकुसाबाहेर घालवीत होता. आमचे बालपण अमरावतीस गेले. तेथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी स्थापन केलेल्या तपोवनाचे नाव घरातील वडीलधारी माणसे आदराने घेत, पण आवाज उतरवून घेत. 'रक्तपिती' हा शब्द तर मुलांसमोर उच्चारतही नसत. असा समाज पाठीशी असताना मूल अलग काढणाऱ्या पाद्र्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न आहे.

औषध आले १९४० नंतर. सल्फोन जातीच्या औषधांनी रोग आटोक्यात येतो हे अमेरिकेतील कार्व्हिल येथे १९४१ पासून दिसू लागले, आणि १९५० च्या सुमारास डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या भारतात आल्या. येथून पुढे या इतिहासात मराठी माणसांनी जे केले ते विशेष पाहण्याजोगे आहे. मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ सालीच काम आरंभिले होते. १९५१ मध्ये वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. वार्डेकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने एक नवी रीत घालून दिली. गावोगाव सर्वेक्षण करावयाचे, लोकांना रोगाचे शिक्षण द्यावयाचे, आणि रुग्णाला त्याच्या घरीच औषध द्यावयाचे. १९५५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तेव्हा हीच रीत त्याच्या मुळाशी होती. वरवर पाहता ही वैद्यकाची सुधारणा. आमच्या मते तिचा सर्वांत मोठा परिणाम कुटुंबावर झाला. रुग्ण घरीच राहिला तर मूल कोठे पाठवावयाचे हा प्रश्नच उद्भवत नाही.

त्याच वर्षी, १९५१ मध्ये, वरोड्याजवळ विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला. बाबा आमटे तेथे गेले ते सहा रुग्ण आणि चौदा रुपये घेऊन, हे सर्वांना पाठ आहे. त्यांच्याबरोबर साधनाताई आणि चार वर्षांच्या आतील दोन मुलगे होते, हे मात्र लोक ओझरते सांगतात. आम्हांला तीच गोष्ट अधिक वजनाची वाटते. पन्नास वर्षे सारे जग म्हणत आले होते की मूल या लोकांपासून दूर न्या. येथे एक आई आपली दोन मुले त्यांच्यात घेऊन आली. आनंदवनातील रुग्ण आईबापांनी ही मुले हातापायांशी खेळताना पाहिली असतील तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आमच्या सहकाऱ्यांच्या फाटकाची हकीकत ऐकल्यावर थोडीफार करता येते.

आता कात्रे यांच्याकडे वळतो. सदाशिवराव रेल्वेच्या नोकरीतील संसारी गृहस्थ. म्हणजे आपल्यासारखेच सेवापुस्तिका, रजा, पास यांत वावरणारे. रोग झाल्यावर त्यांना हे सारे सुटले. उपचारासाठी ते याच भागातील बैतलपूरच्या मिशन रुग्णालयात राहिले. तेथील व्यवस्थेशी त्यांचे पटले नाही; पण आमच्या दृष्टीने मतभेदापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांनी रुग्णालय पाहिले ते खाटेवरून. अधीक्षकाच्या खुर्चीवरून जे दिसत नाही ते खाटेवरून दिसते. १९६२ साली त्यांनी चांप्यास भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. चांप्यानजीक सोठी गावी जी वसाहत वाढली तिला पुढे त्यांचेच नाव मिळाले, कात्रेनगर. रुग्णांनी शेती व हातोद्योग करावेत, संसार करावा, आणि मुलांसाठी वसतिगृह व शाळा असावी, असा या वसाहतीचा आराखडा झाला. मुलांचे वसतिगृह मिशनचेही होते आणि येथेही आहे. वसतिगृह हा शब्द एकच. फरक इतकाच की येथे संस्थेचा संस्थापक स्वतः दांड्याच्या अलीकडचा माणूस होता.

कात्रे १९७७ साली वारले. त्याआधीच, १९७२ मध्ये, दामोदर गणेश बापट तेथे येऊन राहिले होते. बापट अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे. ते प्रथम जशपूरकडे वनवासी मुलांना शिकवीत होते. त्यांना रोग नव्हता. पण सत्तेचाळीस वर्षे ते रुग्णांतच राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. देह त्यांनी बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला होता. भिलाईत मराठी मंडळींची वस्ती थोडी नाही, तरी यांपैकी एकही नाव आम्ही येथील गप्पांत कधी ऐकले नव्हते. आपण परप्रांतात गणेशोत्सव करतो, नाटक बसवितो, श्रीखंडाची ऑर्डर नागपूरला देतो. असो.

रुग्णांनी रुग्णांस धरावे, आईबापांनी आईबापांस धरावे, ही गोष्ट जगात इतरत्रही घडली, आणि काही ठिकाणी तिने सरकारांना वाकविले. ब्राझीलमध्ये सक्तीचे विलगीकरण १९६२ साली कागदोपत्री संपले, प्रत्यक्षात त्यानंतरही बरेच चालले. तेथे जन्मताच मूल काढून घेऊन बालगृहात धाडीत. १९८१ मध्ये तेथील रुग्णांनी स्वतःची संघटना काढली. तिच्या चळवळीतून २००७ साली डांबून ठेवलेल्या रुग्णांना निर्वाहवेतन मिळाले, आणि २०२३ साली, आईबापांपासून तोडलेल्या मुलांनाही ते देण्याचा कायदा झाला. ही मुले तोवर म्हातारी झाली होती. जपानात विलगीकरणाचा कायदा १९९६ पर्यंत जिवंत होता. कुमामोतोच्या न्यायालयाने २००१ मध्ये रुग्णांच्या आणि २०१९ मध्ये त्यांच्या नातलगांच्या बाजूने निकाल दिला. भारतात डॉ. पी. के. गोपाल यांच्यासारख्या, स्वतः या रोगातून गेलेल्या माणसांनी १९९४ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेत वाटा उचलला. आपल्याकडे २०१९ साली संसदेने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण निरनिराळ्या विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकले. मुले दुरावलेल्या आईबापांबद्दल मात्र आपल्या कायद्याने कोठे शब्द काढलेला नाही.

औषधाची गोष्ट येथेच पुरी करून टाकू. १९८३ पासून आपल्याकडे बहुविध औषधोपचार सुरू झाला. त्याच्या पहिल्या मात्रांनंतर थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्यास संसर्ग होण्याचे भय उरत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले म्हणून निर्मूलनाची घोषणा झाली. छत्तीसगड त्या वेळी त्या रेषेच्या खाली नव्हते, आणि आजही देशात जेथे हा रोग अधिक आढळतो त्या राज्यांत त्याची गणना होते.

आमचे सहकारी निवृत्तीनंतर काय करतात हे सांगितल्याखेरीज ही हकीकत पुरी होत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सभासद. सापडलेले मूल, सोडलेले मूल, घरी मार खाणारे मूल, भीक मागताना आढळलेले मूल या समितीपुढे येते आणि त्याने कोठे राहावयाचे ते समिती ठरविते. कायदा उदार आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, मूल शक्यतो घरी परत जावे, असे त्याच्या तत्त्वांतच लिहिले आहे. मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, समुपदेशनाचीही तरतूद आहे. पण या पायऱ्या जो स्वतः चढला-उतरला आहे अशा माणसाला कायद्याने कोठे जागा दिलेली नाही. अमेरिकेत मुलांवर हात उगारून पस्तावलेल्या आईबापांचे मेळावे १९६९-७० पासून भरू लागले. न्यूयॉर्कमध्ये ज्यांची मुले सरकारने नेली अशा पालकांची संघटना १९९४ मध्ये झाली आणि २००५ मध्ये अशा पालकांच्याच लेखणीचे नियतकालिक निघाले. तेथे आज काही ठिकाणी असा अनुभवी पालक नव्या पालकाबरोबर पगारावर नेमला जातो.

आमच्या सहकाऱ्यांना पगार नाही आणि नेमणूकही नाही. समितीची बैठक असेल त्या दिवशी ते सकाळी भिलाईहून निघतात आणि बाहेरच्या बाकावर बसतात. आम्ही एकदा रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. बाकावर एक मजूर जोडपे होते. बांधकामावर असताना त्यांची सहा वर्षांची मुलगी स्टेशनात सापडली होती व बालगृहात होती. मुलगी आपली आहे हे दाखविणारे कागद त्यांच्याजवळ नव्हते. सहकाऱ्यांनी त्यांना प्रथम विचारले की सकाळपासून काही खाल्ले आहे काय. मग लसीकरणाचे कार्ड, रेशनकार्डावरील नाव, अंगणवाडीच्या वहीतील नोंद यांपैकी काय मिळेल याची चौकशी केली आणि आम्हांला अर्ज लिहावयास बसविले. अर्ज लिहून होईपर्यंत बाई गप्प होती. मग तिने आमच्या सहकाऱ्यांना विचारले, "तुमचेही मूल नेले होते काय?" ते म्हणाले, "नाही. मी नेलेला मुलगा." बाई थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग, आत गेल्यावर मुलीशी काय बोलावे, असे तिने त्यांना विचारले, आणि त्यांनी तिला जे सांगितले त्यात कोंबडीच्या अंड्यांचा उल्लेख होता.

त्या दिवशी मुलगी परत मिळाली नाही. पुढची तारीख पडली. अंगणवाडीची नोंद आणण्यास तिचा बाप बेमेतरा बाजूच्या आपल्या गावी गेला. दुसऱ्या तारखेस आम्हांला रजा मिळाली नाही, म्हणून सहकारी एकटेच गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला की नोंद मिळाली, मुलगी सोडली; आणि त्याच बाकावर आता राजनांदगावची एक आई बसली आहे, तिच्या अर्जाचा मसुदा उद्यापर्यंत करून ठेवा.